कठड्यावरची हाक

"तिला सांगा, माझ्या खोलीत पाऊल टाकायचं नाही."

दाराआडून हे शब्द आले मात्र, आत्याच्या हातातला दुधाचा पेला असा हिंदकळला की निम्मं दूध तिच्या मनगटावरून ओघळून फरशीवर सांडलं. दूध कढत होतं, पण चटका बसल्याचंही तिला कळलं नाही. आवाज भिंगरीचा होता... तिच्या भिंगरीचा.

भिंगरी म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाची एकुलती एक मुलगी. आत्याच्या कडेवर वाढलेली, आत्याने भरवल्याशिवाय घास न गिळणारी, आणि आता अठराव्या वर्षी, मांडीपासून घोट्यापर्यंत जखडलेला पाय उशीवर ठेवून, भिंतीकडे तोंड करून पडलेली. गुडघ्याची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी सकाळीच आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. चालेल, जिने चढेल, संसार करेल. फुटबॉल मात्र विसरा.

भावजय बाहेर आली, "द्या इकडे," म्हणून तिने आत्याच्या हातातला पेला काढून घेतला आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. भावजय तशी दुष्ट नव्हती. फक्त घरात काही मोडलं की कोणी मोडलं ते ती आधी ठरवायची, आणि काय मोडलं ते मग पाहायची.

भाऊ भिंतीला टेकून उभा होता. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "ताई, एकच विचारतो. ती समोरच्या संघातली पोर डावीकडून धावत येत होती. मैदानावर असतील नसतील तेवढ्या सगळ्यांना दिसली. तुला दिसली नव्हती का?"

या एका प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं, तर आत्याला फार मागे जावं लागलं असतं, आणि त्या वाटेवर तिच्या भावाला आणि भिंगरीला पायांत रुतण्यासारखं बरंच काही पडलेलं होतं.

लग्न होऊन वर्षाच्या आत ती या घरात परत आली, ती का, हे तिला कोणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. शर्ट शिवायच्या कारखान्यात तिला काम मिळालं. तिथे ती कॉलर लावायची आणि राहिलेल्या कॉलरी घरी आणून मागच्या दाराच्या पायरीवर बसून उलटवायची. त्या पायरीसमोर एक बोळ होती, दुपारी एका टोकाकडून उन्हाने भरून जाणारी, आणि त्या बोळीत चार-पाच वर्षांची ती पोर दिवसभर भिंतीवर चेंडू मारत असायची. शेजारची मोठी मुलं मागून दबक्या पावलांनी येत आणि चेंडू पळवत. पण ऊन त्यांच्या पाठीशी असल्यामुळे त्यांच्याआधी त्यांची सावली पुढे यायची. आत्याला ती पायरीवरून दिसायची आणि ती ओरडायची, "सावली!" की पोर चेंडू पायाखाली दाबून घट्ट उभी राहायची. मागे कोणी नसलं की आत्या म्हणायची, "ऊन!" आणि मग ती पोर चेंडूसकट अशी गर्रकन वळायची की बघणाऱ्याला वाटावं, हिच्या टाचेत खिळा बसवलाय. तेव्हापासून ती भिंगरी. शाळेच्या दाखल्यावर वेगळं नाव होतं, पण ते दाखल्यावरच राहिलं.

पुढे बस डेपोच्या मागच्या मैदानावर मुलींचा संघ निघाला तेव्हा आत्याच तिला हाताला धरून घेऊन गेली. भावजयीने कपाळाला आठ्या घातल्या, भावाने मूग गिळले, आणि आत्याने दोघांचीही पर्वा केली नाही. सामन्याच्या दिवशी ती कठड्याला टेकून उभी राहायची, आणि भिंगरीकडे चेंडू येऊ लागला की तिच्या पाठीमागचं जग आत्या बघायची. सावली. ऊन. बाकीच्या मुली आधी हसल्या, मग त्यांनीही तेच शब्द उचलले. दुसऱ्या संघांना काही उमगायचं नाही. भर पावसाळ्यात ढगाखाली या मुली एकमेकींना ऊन ऊन म्हणून ओरडताहेत, हे बघून पंच एकदा थांबून आकाशाकडे बघत राहिले होते.

भिंगरी वळायची तेव्हा आत्याच्या आत काहीतरी मोकळं व्हायचं. आयुष्यभर तिला बायकांचं वळणं म्हणजे परत माघारी येणं एवढंच ठाऊक होतं... आणि ही पोर वळली की पुढे जायची!

मग भावाची कंपनी बंद पडली. आत्याने कारखान्यात दुहेरी पाळी धरली, आणि घर चाललं. त्याच सुमारास सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांत दिवा टाकून बघितलं आणि सांगितलं की हा काचबिंदू आहे, कडेची नजर चोरपावलांनी जाते, थेंब चुकवायचे नाहीत, दर महिन्याला तपासणीला यायचं. तपासणी सकाळी असायची आणि सकाळी पाळी असायची. आत्याने आधी एक महिना चुकवला, मग दुसरा. थेंबांची बाटली संपली त्या महिन्यात भिंगरीचे बूट फाटले होते. नव्या बुटांवर पोरगी कशी नाचली होती त्या दिवशी... आणि आत्या मनाशी म्हणाली होती, समोरचं तर स्वच्छ दिसतंय.

समोरचं स्वच्छ दिसतच होतं. म्हणूनच त्या रविवारी, मोठ्या संघाच्या निवडीसाठी आलेली माणसं खुर्च्या टाकून बसली असताना, भिंगरीकडे चेंडू आला आणि तिने सवयीने कठड्याकडे कान दिला, तेव्हा आत्याला तिच्या पाठीमागे रिकामं हिरवं मैदान दिसलं. तिने पूर्ण विश्वासाने, मोकळ्या गळ्याने हाक दिली, "ऊन!" भिंगरी तितक्याच विश्वासाने वळली. डावीकडून येणारी ती पोर आत्याला दिसली तेव्हा ती भिंगरीच्या गुडघ्यावर आदळून खाली पडलेली होती.

"तिला दिसत होतं, बाबा," आतून भिंगरी बोलली. आवाज रडून रडून बसलेला होता. "खुर्चीवरच्या लोकांना माझं वळणं दाखवायचं होतं तिला. मागे कोणी नसताना वळले असते तर काय दिसलं असतं त्यांना? कोणीतरी अंगावर येताना वळायला हवं होतं. म्हणून ओरडली ती. विचारा तिला."

नाही गं बाळा... आत्याच्या ओठांपर्यंत आलं होतं. मला दिसली नाही गं. पण दिसली नाही म्हणावं, तर का दिसली नाही ते आलं. मग डोळे आले, दवाखाना आला, दुहेरी पाळी आली, घरी बसलेला भाऊ आला आणि ते नवे बूट आले. पोरीचा पाय तर गेलाच होता. आता त्या अठरा वर्षांच्या जिवाने आत्याचे डोळेही उशाशी घेऊन झोपायचं? रागावलेलं माणूस एक ना एक दिवस उठून उभं राहतं. पण जे ओझं फेडताच येत नाही, त्याच्याखाली माणूस जन्मभर वाकून चालतं, हे आत्याला चांगलं माहीत होतं. या घरात परत आल्यापासून ती स्वतः तशीच चालत आली होती.

"दिसली होती," आत्या म्हणाली.

भावाने मान वर केली.

"दिसली होती मला," ती पुन्हा म्हणाली, या वेळी दाराकडे तोंड करून, नीट ऐकू जाईल अशा आवाजात. "वाटलं, चुकवेल ती."

दुसऱ्या दिवशी तिने आपले कपडे एका पिशवीत भरले. कोणी जा म्हणालं नाही, कोणी थांब म्हणालं नाही. भाऊ कोपऱ्यापर्यंत पिशवी घेऊन आला आणि कोपऱ्यावर ती त्याने तिच्या हातात दिली.

त्यानंतरची दहा-बारा वर्षं सांगण्यासारखी नाहीत, आणि आत्याने ती कोणाला सांगितलीही नाहीत. कापडं इस्त्री करणाऱ्या दुकानाच्या वर तिला एक खोली मिळाली, जिथे खालच्या वाफेने भिंती बारा महिने ऊबदार असायच्या. कारखान्यात मुकादम बाईंनी तिला कॉलरीवरून काढून घड्या घालायला बसवलं, आणि घड्या हातांनी घालता येतात. दिसणं हळूहळू आक्रसत गेलं. आधी नळीतून बघावं तसं, मग सुईच्या नेढ्यातून, आणि शेवटी उजेड आणि अंधार एवढाच फरक उरला. भिंगरीचं लग्न झाल्याचं भावाने येऊन सांगितलं, ते लग्न होऊन गेल्यावर. तेव्हाही तो तिच्या तोंडाकडे न बघता बोलला असावा, कारण तिची नजर भलतीकडेच लागली आहे हे त्याच्या लक्षात आलं नाही. लोक आपल्याकडे बघत नसले की आंधळं होणं किती सोपं जातं, हे तिला त्या दिवशी कळलं.

आणि तरीही दर रविवारी ती बस डेपोमागच्या मैदानावर जायची.

भावजयीच्या कानावर हे गेलं तेव्हा ती म्हणे बोलली होती, "पोरीचा गुडघा खाल्ला तरी बाईची भूक भागली नाही." आत्याने ते ऐकलं आणि गिळलं. उत्तर द्यायचं तर ते भावजयीला कळलं नसतं. नजर गेल्यावर कोणी खेळ बघायला जातं का? पुरुषांच्या मोठ्या सामन्याला ती एकदा गेली होती, शेजारणीच्या सोबतीने, आणि तासभर एका गर्जनेच्या पोटात बसून परत आली होती. चेंडू कुठे आहे, कोण पळतंय, काही म्हणजे काही कळलं नव्हतं. पण इथे? इथे सिमेंटच्या पायऱ्यांवर खेळणाऱ्या मुलींच्या आया, एक-दोन नवरे, पेन्शनीत निघालेले डेपोच्या गेटवरचे काका आणि वाट चुकून आलेली दोन-चार माणसं. एवढ्या थोड्या माणसांत सारं मैदान ऐकू यायचं. पायाचा आतला भाग चेंडूला लागला की होणारा मऊ आवाज, आणि नडगी लागली की होणारा कोरडा. "माझी!" म्हणून पुढे सरसावणारी गोलकीपर, जी शाळेत शिकवायची आणि बचाव फळीला वर्गातल्यासारखी झापायची. बेकरीत काम करणारी डाव्या बाजूची पोर, पहाटेपासून उभी असल्यामुळे दुसऱ्या सत्रात जिचा श्वास शिट्टीसारखा वाजायचा. आणि कोणी पडली, तर आधी गवतावरची धप, मग एक शिवी, बहुतेक स्वतःलाच दिलेली, आणि लगेच उठून पळणाऱ्या पायांची धडधड. कोणी पंचांना दाखवायला लोळत राहायची नाही. सहानुभूतीची या मुलींना सवयच नव्हती.

सामना संपला की त्या कठड्यापाशी यायच्या, आत्याच्या बाटलीतलं पाणी प्यायच्या, आणि घामाने निथळत तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून विचारायच्या, "आत्या, कशी खेळले आज?" जगात दुसऱ्या कोणी तिला काही विचारत नव्हतं. इथे तिचं मत होतं. इथे ती ओरडू शकायची... शांत, सोशिक, समजूतदार ही सगळी विशेषणं पायऱ्यांवर ठेवून, गळ्याच्या शिरा ताणून ओरडू शकायची, आणि कोणी तिला हळू बोला म्हणायचं नाही.

पण खरं कारण आणखी वेगळं होतं, आणि ते तिने फक्त स्वतःशी कबूल केलं होतं. मैदानाच्या मध्यावर कोणीतरी ओरडायची, "सावली!" दुसरी ओरडायची, "ऊन, ऊन!" भिंगरी गेली, तिच्या बरोबरीच्या गेल्या, नव्या आल्या, त्यांना हे शब्द कुठून आले याचा पत्ताही नव्हता. पण शब्द होते. आणि ते कानावर पडले की आत्याला क्षणभर पायरी, बोळ, कॉलरींचा ढीग आणि चेंडू दाबून उभी असलेली ती एवढीशी पोर, सगळं जसंच्या तसं दिसायचं. डोळे गेल्यानंतर तिला दिसायचं ते एवढंच.

जुन्यांतली एकच अजून खेळत होती. शिडी. भिंगरीची जिवलग, उंचीमुळे हे नाव पडलेली, आणि आता संघाची कर्णधार. आत्याला दिसत नाही हे सगळ्यात आधी तिने ओळखलं, कारण एकदा ती काही न बोलता समोर येऊन उभी राहिली आणि आत्या तिच्या आरपार बघत राहिली. आत्याने तिला तिथल्या तिथे शपथ घातली होती. कोणाला सांगायचं नाही. तिला तर नाहीच.

आणि मग त्या वर्षी नवल घडलं. संघ जिंकत गेला. वर्तमानपत्रांत फोटो आले, टीव्हीवाले आले, पायऱ्यांवर बसायला जागा उरेना. शाळेच्या मुली पाठीवर खेळाडूंची नावं लिहून यायला लागल्या. अंतिम सामना शहराच्या मोठ्या स्टेडियममध्ये ठरला. या दिवसासाठी आत्याने देवाकडे किती वेळा मागणं मागितलं होतं... या पोरींना बघायला एकदा तरी गर्दी लोटू दे, एकदा तरी!

शिडी स्टेडियमचा प्रवेशपास द्यायला खोलीवर आली आणि पलंगाच्या कडेवर टेकली. "आत्या, स्पष्टच सांगते. तिथे तुला काही ऐकू येणार नाही."

"न येऊ दे. मी गर्दी ऐकेन."

"शेजारी कोणी बसेल तिला विचारायचं. लाजायचं नाही. शपथ आहे माझी."

"तुला शपथा घालायला कोणी शिकवलं गं?"

"तूच," शिडी म्हणाली, आणि हसली नाही.

स्टेडियममध्ये डेपोच्या गेटवरच्या त्या काकांनी आत्याला जागेवर बसवलं आणि ते आपल्या जागी गेले. सामना सुरू झाला तसा आवाज उठला. तो चहूकडून उठला, पायाखालून, पाठीमागून, छपरावरून... आणि त्यात आत्याचं सगळं मैदान बुडून गेलं. गोलकीपरची झापाझापी नाही, बेकरीवालीचा श्वास नाही, चेंडूची धप नाही. तिने मान पुढे काढली, कानामागे हात धरला, डोळे घट्ट मिटून घेतले. काही नाही. जन्मभर जे मागितलं ते मिळालं होतं, आणि मिळताना तिच्याकडे उरलेलं तेवढंही घेऊन गेलं होतं. आनंदाने तिला रडू येत होतं की दुःखाने, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. आजूबाजूचे टाळ्या वाजवत होते म्हणून तीही वाजवत होती, सगळ्यांपेक्षा थोडी उशिरा.

उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीवर मध्यंतरात कोणी बाई येऊन बसली. खेळ पुन्हा सुरू झाल्यावर आत्याने धीर केला. तिच्या दिशेने तोंड करून, ओशाळवाणं हसत ती म्हणाली, "ओ ताई, त्रास देते. आपल्या मुली कोणत्या बाजूला जातायत, एवढं सांगाल का?"

उत्तर आलं नाही.

"मला दिसत नाही हो," आत्या म्हणाली.

तरीही काही नाही. खुर्ची करकरली, बाई उठून उभी राहिल्यासारखी वाटली. शिष्ट दिसते, असं आत्याच्या मनात आलं, आणि तिने तोंड पुन्हा समोर वळवलं. बराच वेळ गेला. मग खुर्ची परत करकरली, कोणीतरी अगदी जवळ वाकलं, आणि कानाशी गरम श्वासाबरोबर शब्द आला.

"डावीकडे."

हजार गळ्यांतून आत्याने तो गळा वेगळा काढला असता. वय चढलं होतं, कडू झाला होता, पण "माझा चेंडू दे" म्हणून बोळीत भोकाड पसरणारा गळा तोच होता.

"भिंगरे," ती म्हणाली.

"डावीकडे जातायत," आवाज म्हणाला. "शिडीकडे चेंडू. तिने मागे दिला. तिथून उजवीकडे..." मग आवाज थांबला. "कधीपासून?"

"काय?"

"डोळे. कधीपासून?"

"झाली वर्षं. वय झालं, जायचेच ते."

"आत्या." हा शब्द बारा वर्षांनी तिच्या तोंडून आला, आणि तो मायेने आला नव्हता. "त्या दिवशी?"

आजूबाजूला हजारो माणसं ओरडत होती. आत्याला वाटलं, नाही म्हणून टाकावं. एकदा खोटं बोललो, आणखी एकदा बोलू. पण तिच्या हातांवर भिंगरीची बोटं आली होती, ती नाडी पाहिल्यासारखी घट्ट धरून बसली होती.

"तुला पाहिलं आणि मी उठून निघालेच होते," भिंगरी म्हणाली. "शिडीने फसवून बसवलं मला इथे. आणि तू माझ्या तोंडाकडे बघून मला ओ ताई म्हणालीस... माझ्याकडे बघून! खरं सांग. त्या दिवशी ती पोर तुला दिसली होती का?"

"नाही," आत्या म्हणाली.

तो एवढासा शब्द उच्चारायला तिला सगळं आयुष्य लागलं होतं. मग बाकीचं आपोआप निघालं. डॉक्टरीणबाई, चुकलेल्या तारखा, दोन पाळ्या. फक्त बुटांचं तिने सांगितलं नाही. ते तिने पोटातच ठेवलं, आणि ते ती बरोबर घेऊनच जाणार होती.

भिंगरी रडत होती. ऐकू येत नव्हतं, पण धरलेल्या हातावर कळत होतं.

"किती शिव्या घातल्या मी तुला," ती म्हणाली. "माझ्या लग्नात आई म्हणाली, बोलावू या का, तर मी ताट भिरकावलं. रोज सकाळी जिना उतरताना गुडघा दुखतो, आणि रोज पहिल्या पायरीला तुला शिवी जाते. रोज. अजूनही."

"जाऊ दे. तेवढ्याने जिना उतरता आला ना?"

"तू कोण ठरवणार?" भिंगरीचा आवाज एकदम चिरला. "मी काय सोसायचं, काय नाही, ते तू कोण ठरवणार? मला विचारलंस? मला आत्या हवी होती गं. डोळे असलेली, नसलेली, कशीही. तू परस्पर ठरवलंस आणि पिशवी भरून निघून गेलीस, आणि मला वाटलं तुला माझ्यापेक्षा माझं ते वळणंच प्यारं होतं. माझा पाय गेला तो गेला. पण तू जे केलंस ना, ते त्याहून वाईट केलंस."

आपण जे दान म्हणून दिलं, ते घेणाऱ्याच्या घरात इतकी वर्षं निखाऱ्यासारखं पडून होतं, ही गोष्ट आत्याला कधी सुचलीच नव्हती. आपल्या त्यागाचा तिला आतून कुठेतरी अभिमान होता, हेही तिला आत्ताच समजलं, आणि त्याची लाज वाटली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "त्या हाकेपेक्षा हे जास्त चुकलं."

भिंगरी नाक ओढून, तुटक तुटक, पुन्हा सांगायला लागली. तिला खेळ सांगता येत नव्हता. इतकी वर्षं तिने मैदानाचं तोंड पाहिलं नव्हतं, नव्या मुलींची नावं तिला माहीत नव्हती. "ती बुटकी... तिच्याकडे. गेला. नाही, परत आला. ती घामाघूम झालेली." आत्याने बेकरीवाली ओळखली. चेंडू चार पावलं पुढे गेल्यावर आत्याला कळायचं, पण कळत होतं. समोरच्या संघाचा एक गोल झाला, तो भिंगरीने सांगितलाच नाही. मैदानाच्या पलीकडून वेगळा, परका आवाज आला त्यावरून आत्याने ताडलं. वेळ संपत आली.

"शिडीकडे," भिंगरी म्हणाली. "गोलकडे पाठ आहे तिची. चेंडू येतोय. शिडी एकटी..."

आणि तिचा हात सुटला. खुर्ची धाडकन मागे आपटली. आपल्या त्या दुखऱ्या गुडघ्यावर भिंगरी ताडकन उभी राहिली, आणि तिच्या गळ्यातून, अठराव्या वर्षी बंद झालेल्या त्या गळ्यातून, स्टेडियम फाडून जाईल अशी हाक निघाली.

"सावलीऽऽ!"

छपराखालच्या त्या गर्जनेत ती हाक पहिल्या रांगेपर्यंतसुद्धा पोहोचली नसेल. शिडी वळली. मागच्या पोरीने तिच्या पायातून चेंडू काढून घेतला, आणि शिट्टी वाजली. संघ सामना हरला होता.

भिंगरी सावकाश खाली बसली. ती धापा टाकत होती.

"ऐकू नाही गेलं तिला," ती म्हणाली.

"मला आलं," आत्या म्हणाली.

गर्दी निम्मी पांगेपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या. मग भिंगरीने तिचा हात आपल्या कोपरात घेतला आणि त्या उतरायला लागल्या. एकीला पायऱ्या दिसत नव्हत्या, दुसरीला त्या दुखत होत्या, त्यामुळे मागचे लोक खोळंबले आणि कोणीतरी वैतागून च्च च्च केलं. "पायरी," भिंगरी म्हणायची. आत्या पाय टाकायची. "पायरी." दर पायरीला आत्या कान देऊन वाट बघत होती, की आता ती रोजची शिवी येईल.

"अजून राग गेलेला नाही माझा," मध्येच थांबून भिंगरी म्हणाली. "जाईल असंही वाटत नाही."

"असू दे."

"घरी लगेच येऊ नकोस. आईशी मी बोलते आधी. बाबांशीही."

"बरं."

"पुढची मॅच कुठे आहे?"

"इथेच," आत्या म्हणाली. "ते डेपोमागचं मैदान बंद केलं त्यांनी, गर्दी मावेना म्हणून. आता सगळ्या मॅच इथेच."

भिंगरीने आत्याचा हात आपल्या कोपरात आणखी वर ओढून घेतला आणि म्हणाली, "पायरी. शेवटची आहे."